सूर्याला शेडनेट

ओतूरच्या बाजारात बबनशेठांचं शेडनेटचं, म्हणजे रोपांवर सावली धरणाऱ्या जाळीचं, दुकान होतं. नेट घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी विचारत, "का घिऊ नये, ते सांगा बरं." गिऱ्हाईक गोंधळायचं. मग बबनशेठ स्वतःच नेट घेण्याच्या बाजूनं आणि विरुद्ध असे दोन्हीकडून बोलायचे. मी पहिल्यांदा गेलो ते गच्चीवरच्या गुलाबांसाठी. अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं बाहेर पडलो. "गुलाबाला ऊन पायजे, सर. उगं कशाला झाकता?" असं म्हणून त्यांनी मला वर चहाही पाजला.

शेठ हे नाव गावानं दिलेलं. मूळचे ते कांदा पिकवणारे. रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि त्यातल्या कुणाशीतरी दिवसभर भांडायचे.

मी तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मी वादविवादाला विषय ठेवला: ध्रुवांवरचं बर्फ वाचवण्यासाठी विमानांतून आकाशात बारीक कण फवारून थोडं ऊन अडवावं का? मुलांची भाषणं मोबाइलवरून उतरवलेली, सगळी एकसारखी. म्हणून बाहेरची दोन माणसं बोलावली. बाजूनं बबनशेठ, विरोधात महाळुंगे पडवळच्या सुनंदाताई. ताईंची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, आणि तिच्यावरचं नेट बबनशेठांच्याच दुकानातलं.

बबनशेठ हिरव्या नेटचा तुकडा घेऊन स्टेजवर आले. तो दिव्यापुढे धरून म्हणाले, "सूर्य हाय तिथंच हाय. आपण निस्ती सावली करायची." हॉल हसला. मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांची धाकटी बहीण सखू कोकणात खाडीकाठच्या गावात दिलेली. गेली काही वर्षं उधाणाचं पाणी बांध ओलांडून तिच्या भातशेतात शिरत होतं. माती खारट झाली, भात उगवेना. बर्फ कुठं वितळतं आणि पाणी कुठं चढतं, हे ते पुस्तकातून शिकले नव्हते. "धूर कमी करा म्हणतात, करा की. पन त्याला लई वर्सं लागतील. तवर सखूनं काय पेरायचं?"

मुलांनी बाकं वाजवली. मला वाटलं, निकाल लागला.

सुनंदाताई उठल्या. मागच्या मे महिन्यात भर दुपारी वावटळ आली आणि नेट उडालं, असं त्यांनी सांगितलं. सावलीत वाढलेल्या रोपांनी संध्याकाळपर्यंत माना टाकल्या, सगळी करपली. बांधाकडेला उघड्यावर उगवलेली चार रोपं मात्र तशीच उभी होती. "नेट फाटलं तर मी शेठकडं दुसरं आनाया जाते," त्या म्हणाल्या. "आभाळातलं नेट फाटलं तर कुनाकडं जायचं? आन शंबर वर्सं ते धरून कोन बसनार?"

बबनशेठांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि परीक्षकांनी काही म्हणायच्या आत माइकवर येऊन सांगून टाकलं की आपण हरलो, ताईंचं बरोबर आहे. पण ते खाली उतरेनात. माइक धरूनच म्हणाले, "तरी माजा सवाल ऱ्हातोच. सखूनं काय पेरायचं?"

जेवताना दोघं शेजारी बसली होती आणि पिठलं-भाकरी खाता खाता पुन्हा वाद घालत होती. आता बबनशेठ विरोधात आणि ताई बाजूनं बोलत होत्या. त्या दिवसापासून बबनशेठ नेट विकताना एक गोष्ट बजावू लागले: रोपांवरचं नेट एकदम काढू नका, रोज थोडं थोडं ऊन दाखवा.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी दुकान पुतण्याकडं सोपवलं. सखूचे यजमान वारले होते, मुलं शहरात होती. बबनशेठ बहत्तराव्या वर्षी घाट उतरून तिच्याकडं राहायला निघाले. ओतूरच्या स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. सामान म्हणजे एक पिशवी, दोन टिकाव आणि सुनंदाताईंनी दिलेला चिवडा.

गाडी लागली तेव्हा मी विचारलं, "शेठ, शेवटी तुमचं मत काय ठरलं? ऊन अडवावं की नाही?"

ते पायरीवर थांबले. मागून कंडक्टर घाई करत होता.

"अजून ठरायचंय, सर," ते म्हणाले. "तवर बांध घालतो."