लालमास्तरांची चूळ

आमच्या यांना हॉटेलात सगळे लालमास्तर म्हणतात. टेबलावरचं गिऱ्हाईक मासे खाणार असो की मटण, हे त्याच्यापुढे लाल वाइनचं असं काही वर्णन करतात की तो बापडा मुकाट्याने तीच मागवतो. बाटली धरायची ऐट बघावी, आवाज न करता बूच काढणं बघावं, शेवटचा थेंब फडक्याने टिपणं बघावं. घरी मात्र चहा गाळताना अर्धा ओट्यावर सांडतात, ते जाऊ द्या.

तर या लालमास्तरांना लाल वाइन सोसत नाही! दोन घोट पोटात गेले की अर्धं कपाळ ठणकायला लागतं, मग दुसरा दिवस खिडक्यांचे पडदे ओढून, डोक्यावर ओलं फडकं ठेवून काढायचा. यांना आवडते पांढरी. तीसुद्धा थंडगार, वर बर्फाचे दोन खडे टाकून. आता त्यांच्या धंद्यात वाइनमध्ये बर्फ घालणं म्हणजे शिंप्याने आपल्याच सदऱ्याला टाचण्या लावून गावभर हिंडणं. म्हणून घरी, चार भिंतींच्या आत, स्टीलच्या पेल्यातून पितात. कोणी आलंच तर पाणी पितोय म्हणता येतं. अहो, येणार कोण आहे, असं मी किती वेळा सांगितलं, पण माणूस ऐकेल तर शपथ.

कामावर निभतं, कारण कामावर प्यायची नसतेच. नवा माल आला की एक घोट तोंडात घ्यायचा, खुळखुळवायचा, चव लक्षात ठेवायची आणि उजव्या हाताला ठेवलेल्या भांड्यात चूळ टाकून द्यायची. पंचाईत व्हायची ती लोकांच्या घरी जेवायला गेलं की. त्यावर आम्ही एक तोड काढली होती. मी यांच्या शेजारी बसायचं, 'मी घेत नाही' म्हणून सांगायचं, आणि बोलता बोलता यांचा ग्लास हळूच माझ्याकडे ओढून संपवायचा. आजवर कोणाच्या बापाला कळलं नाही. आणि आता लपवायचं काय, मला लाल मनापासून आवडते. पण 'मी घेत नाही' म्हणून माझी ख्याती, त्यामुळे माझ्यासाठी म्हणून कोणी कधी ग्लास भरला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि आमच्या लेकीने लग्न ठरवलं. मुलगा सोन्यासारखा. पण त्याचे वडील स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची लाल वाइन करतात, आणि त्यांच्या डोक्यात तिच्याशिवाय दुसरं काही नाही. पांढरी म्हणजे त्यांच्या मते द्राक्षांचा अपमान. वाढप्याची मुलगी सून म्हणून आणायला आधी ते का-कू करत होते. ती त्या हॉटेलातल्या लालमास्तरांची मुलगी आहे हे कळलं तेव्हा कुठे पाघळले आणि आम्हाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. लालमास्तरांना लाल चालत नाही हे उघडं पडलं तर पुन्हा फाटे फुटणार, ही लेकीला धास्ती. आठवडाभर एकच धोशा, बाबा, एवढा एक दिवस निभावून न्या. हे हो म्हणायचे आणि रात्री कूस बदलत राहायचे. एवढ्याशा घोटावर पोरीचं सगळं अडलंय, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

रविवारी गेलो. लांबलचक टेबल, पांढरंशुभ्र कापड, पाहुण्याच्या जागेजवळ सूपचं भलंमोठं चिनी मातीचं भांडं. मी यांच्या शेजारची खुर्ची ओढणार, तोच विहीणबाईंनी माझा हात धरला आणि प्रेमाने मला पार दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. झालं! एवढा जपून ठेवलेला बेत पहिल्याच फटक्यात पाण्यात गेला. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मिठाच्या वाटीकडे पाहिलं.

हे सवयीने बाटली घ्यायला उठले, तर व्याही म्हणाले, आज तुम्ही बसायचं आणि मी वाढायचं. मुलगा जन्मला त्या वर्षी भरून ठेवलेली बाटली त्यांनी आणली होती. ओतताना दोन थेंब पांढऱ्या कापडावर सांडले, पण तेव्हा मला वाटलं, वयामुळे असेल.

यांनी ग्लास उचलला, गोल फिरवला, वास घेतला, एक घोट घेऊन डोळे मिटले. घोट तोंडात फिरायला लागला आणि मला ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं. अहो, गिळा, गिळा, असं मी मनात म्हणतेय तोवर त्यांचा उजवा हात आपसूक पुढे गेला, हाताला लागलं ते भांडं त्याने जवळ ओढलं, आणि सगळी हयात जे केलं तेच यांनी केलं. डोळे मिटूनच, नीट वाकून, त्या सूपमध्ये चूळ टाकली.

लेकीने चमचा खाली ठेवला. तिच्या तोंडाकडे माझ्याच्याने बघवेना.

व्याह्यांचा चेहरा पडला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "इतकी वाईट आहे का हो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कापडावरचे ते दोन थेंब वयामुळे सांडले नव्हते. आठवडाभर झोप त्यांनाही नव्हती. एवढ्या मोठ्या हॉटेलचा लालमास्तर आपली घरची वाइन चाखणार, याची त्यांनाही धास्ती होती.

यांना खोटं बोलता आलं असतं. बूच सडकं निघालं म्हणायचं, संपलं. गिऱ्हाइकांसाठी असल्या थापा यांच्या खिशात तयार असतात. पण त्या थापेने यांची अब्रू वाचली असती आणि त्या माणसाने जपलेल्या बाटलीची गेली असती. हे उठून उभे राहिले.

"वाइन फार सुरेख आहे," म्हणाले. "खोट माझ्या डोक्यात आहे. लाल हा माझा धंदा, व्याहीबुवा. आवड पांढरी. तीसुद्धा बर्फ घालून."

आणि मग सगळं सांगून टाकलं. अर्धं कपाळ, ओलं फडकं, स्टीलचा पेला. मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे वाईट नाहीये?" व्याह्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही हो. शपथेवर सांगतो."

व्याही धपकन खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. हसता हसता रुमालाने डोळे पुसले, मग उठून आत गेले आणि फ्रिजमधून पांढऱ्या वाइनची बाटली आणि बर्फाचा ट्रे घेऊन आले. ही आमच्याकडे फक्त मासे शिजवायला लागते, असं म्हणून त्यांनी ती यांच्या ग्लासात ओतली.

"किती खडे?"

"दोन," हे म्हणाले.

भर दुपारी, चार लोकांत, काचेच्या ग्लासातून माझ्या नवऱ्याने पांढरी वाइन प्यायली. खांदे असे सैल सोडून बसलेले मी त्यांना किती वर्षांनी पाहिलं. लेक तर इकडे हसत होती, तिकडे नाक पुसत होती. विहीणबाईंनी सूपचं भांडं उचललं आणि माझ्या कानात म्हणाल्या, बरंच झालं, मीठ जास्तच पडलं होतं. मी त्यांचा हात घट्ट दाबला. पोर चांगल्या घरात पडतेय, याची माझी खात्री पटली.

लालची बाटली जवळजवळ भरलेलीच उभी होती. व्याही ती घेऊन सगळ्यांचे ग्लास भरत माझ्यापर्यंत आले आणि थबकले. "तुम्ही तर घेत नाही, नाही का?"

यांनी टेबलाच्या त्या टोकावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोण म्हणतं?" मी म्हटलं आणि ग्लास पुढे केला.