विहिणीसाठी स्पॅनिश: अकोट ते अमरावती

मुलाचं लग्न स्पेनच्या मुलीशी झालं, तेव्हा विहीणबाई येऊ शकल्या नव्हत्या. आता त्या पंधरा दिवसांसाठी अमरावतीला मुलाच्या घरी येणार होत्या. मी ठरवलं, मुलगा-सून मध्ये न घेता त्यांच्याशी आपण स्वतः बोलायचं.

तीन महिने देवपूजा आटोपली की मी मोबाइलवर स्पॅनिश शिकत होते. शिकवणी फुकट, पण इंग्रजीतून, आणि माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. शिकवणारी बाई इंग्रजी लोकांना घसा कोरडा करून समजावते की स्पॅनिशमध्ये टेबल ती असते, पुस्तक तो असतो. लहानाला 'तू', मोठ्याला 'उस्तेद'. मला यात अवघड काय तेच कळेना. आपल्याकडे खुर्ची ती, पलंग तो. आणि विहिणीला अरे-तुरे कोण करतं? साता समुद्रापलीकडेही असाच मान राखतात, हे पाहून मी देवापुढे हात जोडले.

अकोटहून अमरावतीला थेट एसटी आहे. मी मुद्दाम अकोल्यावरून गेले, कारण रेल्वेत स्पॅनिश शब्दांची वही वाचता येते. अकोल्यापर्यंत एसटीत बायांना अर्धं तिकीट, पुढे बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजर. भाकरी-ठेचा सोबत घ्या, बाहेरचं खायची गरज नाही. खिडकीबाहेर कापूस फुटलेला, आणि मी पुटपुटत होते, 'सिएन्तेसे', म्हणजे बसा.

समोरच्या बाईंनी विचारलं, "कोणता मंत्र पाठ करून राहिल्या?"

विहिणीची भाषा आहे, म्हटलं.

"मंग भांडाचे शब्द आधी शिका," त्या म्हणाल्या. अख्खा डबा हसला.

बडनेऱ्याहून ऑटोने अमरावती, आधी अंबादेवीचं दर्शन, मग घर. विहीणबाई दारातच उभ्या. आत गेल्यावर मी 'सिएन्तेसे' म्हटलं आणि त्या खरंच बसल्या. अंगावर काटा आला हो. अकोटच्या स्वयंपाकघरात घोकलेला शब्द परक्या देशाच्या बाईला कळला.

जेवताना त्यांनी विचारलं, "कोमो से यामा सु मारिदो?" यजमानांचं नाव काय? शब्दन्‌शब्द कळला, उत्तरही येत होतं. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, यांचं नाव सरळ कधी घेतलेलं नाही. जीभ उचलेना. मला समजलं नाही असं वाटून त्यांनी हळू विचारलं, मग मुलाकडे पाहिलं. तो तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "तू थांब. मी सांगतो त्याईले."

जेवढे शब्द येत होते, तेवढ्यांतून जुळवलं:

"एन ला मेसा आय पान इ साल,
मि मारिदो से यामा गोपाळ."

टेबलावर ब्रेड नि मीठ, माझ्या नवऱ्याचं नाव गोपाळ. विहीणबाई थक्क. मुलाने त्यांना उखाण्याची रीत सांगितली. त्या ग्लास हातात फिरवत राहिल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. आपल्याकडे अशा बाईला कोणी उखाणा घ्यायला सांगत नाही. मीही सांगितलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःहून घेतला:

"एन ला कासा आय लुस इ पान,
मि मारिदो से यामा हुआन."

घरात उजेड आहे, ब्रेड आहे, माझा नवरा हुआन. मुलाला अर्थ विचारावा लागला नाही. मी म्हटलं, "ओत्रा वेस." पुन्हा एकदा. त्यांनी डोळे पुसले, आणि यावेळी मोठ्याने घेतला.

परत आले ती त्याच गाडीने, वही न उघडता. संध्याकाळी दिवा लावला की मी घरातल्या गेलेल्या माणसांना नमस्कार करते. त्यांत आता हुआन आहेत.