अंगठ्याची घाई

आम्हा भूल देणाऱ्यांची लायकी अंगठ्यावरून कळते. भुलीच्या सुरुवातीला वेदना मारणारं जे औषध शिरेत जातं, ते सिरिंजवर अंगठा दाबून धाडकन सोडलं, तर माणूस झोपण्याआधी असा खोकतो की छतावरच्या पाली उडून शेजारच्या तालुक्यात पडतात. एरवी ती गंमत. पण परवा टेबलावर एक वेल्डर होता, डोळ्यात लोखंडाची किरच घुसलेला. एक जोराचा खोकला, की डोळ्यातलं सगळं बाहेर.

मी औषध पातळ करून थेंबाथेंबानं सोडत होते. आमचे डोळ्यांचे सर्जन घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, भूल देताय की अंगाई म्हणताय?"

"अंगाईच, सर. तुम्हीही पडा जरा."

ही जात मला पक्की ठाऊक आहे. सिग्नल लाल असतानाच हॉर्न वाजवतात, जीभ भाजून चहा पितात, आणि वाचवलेला वेळ कुठे ठेवला ते यांना मरेपर्यंत सापडत नाही. यांच्या हाती सूर्य दिला, तर पहाट गाळून थेट दुपारच उगवायला लावतील.

वेल्डर पुटपुटला, "बाई, डोळा राहील ना?"

"माझ्यामुळे तुम्हाला खोकला येणार नाही, दादा. मला घाई नाही."

अंगठा गोगलगायीला लाजवत सरकत राहिला. वेल्डरची चांगली पापणी मिटली, छाती शांत झाली. खोलीत खोकले ते एकटे सर्जन. त्यांना तर मी काही टोचलंही नव्हतं.