भरीत पार्टीत मोजलेलं संशोधन

जळगावच्या आमच्या कॉलेजात, संशोधनाने निसर्गाचं किती भलं झालं ते मोजायला पुण्याहून समिती येणार होती. नुकसान मोजायची सगळ्यांनाच सवय. भलं मोजायचं म्हटलं की माणसं छताकडे बघतात. आमच्या प्राचार्यांनी आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

माझं काम धरणगावजवळच्या एका गावात. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे झाडांच्या वाळक्या काड्या, उरतात, लोक त्या पेटवून देतात. आम्ही त्यांचा भुगा करणारं यंत्र गावात ठेवलं होतं. भुगा मातीतच जिरवायचा, जाळायचं काही नाही. समितीला फरक दिसला तर यंत्र गावात राहणार, नाहीतर कॉलेजच्या शेडमध्ये गंजणार. गावाला ते हवं होतं, आणि त्याच्यापायी उन्हातान्हात हिंडलेल्या मला तर फारच.

गाव ज्यांचं ऐकतं त्या आबांना मी बजावलं, "पाहुणे येतील तेव्हा शिवारात धूर दिसता कामा नये."

"काळजीच करू नका मॅडम," आबा म्हणाले. कोणी असं म्हटलं की मला हटकून काळजी लागते.

समितीची गाडी गावात शिरली आणि समोरच्या मळ्यातून हा धूर. जाऊन बघते तर पऱ्हाट्यांचा भलामोठा जाळ, त्यात हिरवी वांगी, आणि शेजारी आबा हात जोडून उभे. थंडीत खानदेशात पाहुणा यावा आणि भरीत पार्टी होऊ नये? आणि ती वांगी पऱ्हाट्यांवरच भाजायची. गॅसवरच्या भरताला आमच्याकडे आजाऱ्याचं पथ्य म्हणतात. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी सांगताना डोक्यातच आलं नाही. संताप आबांचा आला, रडू स्वतःचं.

समितीच्या बाईंनी विचारलं, "इथे पऱ्हाट्या जाळत नाहीत ना?"

एरवी आमच्याशी शुद्ध बोलणारे आबा ओशाळून अहिराणीवर आले. "ताई, आमना गावमा एक काडी नही शे. बठ्ठ्या यंत्रमा गयात." पाहुण्यांपुरतंही जळण गावात निघालं नाही, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती. "ह्या शेजारच्या गावाहून मागून आणल्या."

बाई शिवारात चक्कर मारून आल्या. बांधावर काडी नाही, खळ्यात काडी नाही, मातीत सगळीकडे भुगा. मग भरताला बसल्या आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"शेजारच्यांनी फुकट दिल्या?" त्यांनी विचारलं.

"फुकट कोण देतं? पुढच्या हंगामात यंत्र त्यांच्याकडे पाठवायचं कबूल करून बसलोय." आबा माझ्याकडे वळले. "राहील ना मॅडम यंत्र? मी शब्द दिलाय."

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी घास संपवला.

"एक यंत्र दोन गावांना पुरणार कसं?" त्या मला म्हणाल्या. "दोन मागा."

भरीत तिखट झालंय, असं सांगून मी डोळे पुसले.