प्रमोदिनीबाईंचं दोन पानी शुद्धिपत्र

प्रमोदिनी घारपुरे जबलपूरच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत आल्या आहेत. वर्ग हिंदीत, घर मराठीत आणि शोधनिबंध इंग्रजीत. असे चौदा निबंध त्यांच्या नावावर आहेत. पुढे कोणी आपल्या लेखात त्यांचा संदर्भ दिला की इंटरनेटवरचा एक आकडा वाढतो. रविवारी चहा झाल्यावर बाई तो आकडा बघायच्या. कित्येक महिने तो हलायचा नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं असंही नाही. बघायच्या मात्र.

त्यातल्या त्यात चालला तो मटारचा निबंध. हिवाळ्यात जबलपूरच्या मंडीत मटारचे ट्रकच्या ट्रक येतात. व्यापारी वरच्या दोन-तीन पोत्यांत हात घालतो आणि सगळ्या मालाचा भाव ठरवतो. खरं तर किती पोती उघडली म्हणजे अख्ख्या ट्रकबद्दल खात्रीनं बोलता येईल, हा बाईंचा प्रश्न होता. दोन हिवाळे त्या मंडीत स्टूल टाकून बसल्या आणि शेंगा सोलून किडके दाणे मोजत राहिल्या. "दीदी मटर छीलने आई हैं," म्हणून हमाल हसायचे. सोललेले दाणे घरी यायचे आणि घरात सारख्या मटारच्या करंज्या व्हायच्या. शेवटी निबंध छापून आला. त्यात एक पानभर तक्ता होता : इतकी पोती असतील तर इतकी उघडा. तीन वर्षांत एकवीस जणांनी त्याचा संदर्भ दिला.

मग २०१९च्या ऑगस्टमध्ये आसामातल्या जोरहाटहून मृणाली बरुआ नावाच्या एका विद्यार्थिनीची मेल आली. ती चहाच्या पेट्यांवर पीएच.डी. करत होती. तुमचा तक्ता वापरते आहे, पण शेवटचा रकाना मला तुमच्या सूत्रानं काढता येत नाही, माझं कुठे चुकतं ते सांगाल का, असं तिनं फार अदबीनं विचारलं होतं.

बाई कागद घेऊन बसल्या. तासाभरात कळलं, चूक तिची नव्हती. तक्ता करताना एका छेदात वजाच्या जागी अधिक पडलं होतं. जिथे अकरा पोती उघडायला हवीत, तिथे तक्ता आठच सांगत होता.

नवरा श्रीकांत खमरियाच्या फॅक्टरीत माल तपासणीच्या विभागात होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाई तशाच बसलेल्या.

"काहून चहा थंड करून राहिली?" त्यानं विचारलं.

"माझ्या मटारच्या तक्त्यात चूक निघाली."

"कोणाला सापडली?"

"जोरहाटच्या एका मुलीला."

श्रीकांत जरा विचारात पडला. "म्हणजे त्या एकवीस जणांनी वाचला नाहीच का?"

बाईंना इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. मग श्रीकांत म्हणाला, "आमच्याकडे असा लॉट बाहेर गेला तर आम्ही तो परत बोलावतो. तू पण बोलाव."

पण दोन महिन्यांवर बाईंची प्रोफेसरपदाची मुलाखत होती. विभागप्रमुख चंद्रशेखर दुबे भला माणूस. "मॅडम, दो महीने रुक जाइए. इंटरव्यू के बाद भेज दीजिए. मटर कहीं भागा नहीं जा रहा," ते म्हणाले. बाईंनाही ते पटत होतं. दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मृणालीची दुसरी मेल आली. पेट्या पुढच्या आठवड्यात गोदामातून निघणार होत्या. आठ उघडू की जास्त, एवढंच तिला हवं होतं. तिला खोटं सांगणं शक्य नव्हतं, आणि तिला खरं सांगून बाकीच्यांपासून लपवणं बाईंना विचित्र वाटलं. त्यांनी तिला "अकरा" असं कळवलं आणि त्याच दुपारी शुद्धिपत्र लिहायला घेतलं.

नुसती चूक कबूल करून त्या थांबल्या नाहीत. ज्यांनी जुना तक्ता वापरून काम उरकलं होतं, त्यांना पुन्हा पोती न उघडता आपलं उत्तर कसं दुरुस्त करता येईल, याची एक सोपी रीतही त्यांनी काढली. सगळं मिळून दोन पानं. शेवटी मृणालीचे आभार मानले. एकवीस जणांना वेगवेगळ्या मेल केल्या. नऊ जणांची उत्तरं आली आणि त्यांतल्या चौघांना खरंच आपले आकडे बदलावे लागले.

मुलाखतीत एका सदस्यानं बाईंच्या निबंधांच्या यादीवर बोट ठेवलं. "यह करेक्शन भी आपने गिनाया है?"

"जी. दो ही पन्ने हैं, पर सही हैं," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी नेमणूक झाली नाही. घरी येऊन त्या थोड्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वर्गावर गेल्या. पद मिळालं ते तीन वर्षांनी.

दरम्यान एक गंमत झाली. आधीच केलेल्या मोजणीतली उणीव भरून काढायची ती रीत लोकांना भलतीच उपयोगी पडली. बियाणं तपासणारे, धान्य साठवणारे, कुठल्या कुठल्या देशातले औषधांवर काम करणारे तिचा संदर्भ देऊ लागले. आज बाईंच्या बाकी सगळ्या निबंधांचे मिळून त्र्याऐंशी संदर्भ आहेत, आणि एकट्या शुद्धिपत्राचे एकशे सेहेचाळीस. कॉलेजच्या वार्षिक अहवालात 'सर्वाधिक संदर्भ मिळालेलं संशोधन' म्हणून ते छापलं गेलं तेव्हा श्रीकांतनं ते पान मुलाला, यशोधनला, फोटो काढून पाठवलं. "आई, तुझी सगळ्यात फेमस चीज तुझी गलती आहे," त्यानं उलट लिहिलं. "गलती नाही, दुरुस्ती," बाईंनी कळवलं.

मृणाली आता स्वतः शिकवते. दोघी मिळून शिंगाड्याच्या मालावर एक निबंध लिहून राहिल्या आहेत. गेल्या महिन्यात परीक्षकाचा अभिप्राय आला, त्यात तीन बदल सुचवलेत. दोन बाईंना मान्य आहेत. तिसऱ्यात परीक्षकाचंच चुकतंय असं त्यांचं मत आहे, आणि ते नम्रपणे कसं लिहावं यावर दोघींचं रोज फोनवर बोलणं चालू आहे.