साडेदहाची गाडी

दादांच्या छातीत दुखत होतं आणि आम्ही सगळे मिळून त्याला पित्त म्हणत होतो. दादा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी जाफराबादहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा अजून तोंडपाठ. त्या गुरुवारी सकाळी ते ओट्यावर बसले होते, एक हात छातीवर, कपाळाला घाम. आई थंड दूध घेऊन आली. बायको म्हणाली, "रात्री वांग्याची भाजी लईच तिखट झाल्ती." मी म्हणालो, "बराबर, वांगंच बाधलं." बिचारं वांगं! सगळा आळ त्याच्यावर घातला आणि दोन मिनिटं आम्हाला बरं वाटलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात 'संरक्षण यंत्रणा' हा प्रश्न हमखास यायचा. भीती सोसवेना की मन पळवाटा काढतं : नकार, विस्थापन, समर्थन. उदाहरणांसह स्पष्ट करा. मी घोकून घोकून चांगले मार्क मिळवले होते. उदाहरणात आपलंच घर बसेल, असं तेव्हा कुठं वाटलं होतं!

गल्लीच्या टोकाला डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी नाडी बघितली, जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेतलं. "सर, इथं वेळ घालवू नका. आत्ताच्या आत्ता जालन्याला हलवा. ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

"दादांना विचारतो," मी म्हणालो. अरे, विचारायचं काय होतं त्यात? पण विचारलं.

"पित्तासाठी ॲम्ब्युलन्स?" दादा खेकसले. "सारं गाव गोळा करतो का काय?"

आमच्या शेजाऱ्याची काळी-पिवळी जीप आहे. तो बिचारा दवाखान्याच्या दारात गाडी लावून उभा होता. "बसा दादा, जल्दी पोचवतो." दादांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तीस वर्षं तुम्ही लोकांनी माझे पॅसेंजर पळवले. तिच्यात पाय ठेवणार न्हाई. साडेदहाची गाडी हाय, तिनं जाऊ." तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पंचवीस मिनिटं. शेजारी आणि मी दोघं मिळून दादांना उचलून जीपमध्ये घालू शकलो असतो. त्यांची शपथ मोडली असती, रुसले असते, संपलं. मी तसं केलं नाही, आणि त्यांच्या हट्टाचं निमित्त मला मनातून हवंच होतं. जीप केली असती तर ते आजारपण झालं असतं. एसटीनं गेलो म्हणजे नुसतं जालन्याला जाणं. दाढ काढायला जातो, बी-बियाणं आणायला जातो, तसं.

स्टँडवर बाकावर कुणाचं तरी पोतं होतं. मी त्या माणसावर ओरडलो, "ओ, उचला ते! बाक काय सोयाबीनला बसायला बांधलाय का?" त्यानं मुकाट्यानं पोतं खाली घेतलं. मग बायकोला फोन करून चार्जर दिला नाही म्हणून झापलं. विस्थापन, उदाहरणांसह. आई आपली पिशवीतल्या वस्तू काढून परत भरत होती, चौथ्यांदा.

गाडी अगदी वेळेवर आली. ड्रायव्हर दादांच्याच हाताखाली शिकलेला. दादा त्याच्या मागच्या सीटवर बसले आणि सुरू झाले, "क्लचवर पाय ठेवून काय चालवून राह्यला रे? गियर टाक बिलकुल सावकाश." तो हसत होता. मीही हसलो. इतकं बोलतोय माणूस, म्हणजे काही नाही, असं मी आईला म्हणालो. दादांचा शर्ट पाठीला चिकटला होता, ते मी बघितलं आणि खिडकीबाहेर कपाशी किती वाढली ते बघू लागलो.

टेंभुर्णी गेली आणि दादा गप्प झाले.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "दादा, बोला की." दादा बोलेनात. तेव्हा त्यानं मागं वळून न बघता मोठ्यानं विचारलं, "मंडळी, गाडी सरळ दवाखान्यावर घेतो, कोणाची हरकत?" कुणी हू की चू केलं नाही. माझ्या तोंडून जे निघायला हवं होतं, ते तो बोलला. मी दादांचा हात धरून बसलो होतो, थंडगार.

दवाखान्यात कॉटवर घेतलं, छातीला वायरी लावल्या. ईसीजीची पट्टी बघून डॉक्टरीण बाईंचा चेहरा बदलला. "दुखणं कधीपासून? नेमकं सांगा, औषध त्यावरून ठरतं."

"आज सकाळी," दादा म्हणाले. "सात वाजता."

आई खाली मान घालून म्हणाली, "व्हय, सातलाच."

बाई लिहायला लागल्या. तेव्हा कुठं मी म्हणालो, "न्हाई मॅडम. रविवारपासून."

रविवारी दादा गच्चीवर टाकी बघायला चढत होते. सहाव्या पायरीवर थांबले, भिंत धरली, हात छातीवर. मी अंगणात होतो. मी मान खाली घालून मोबाइल बघायला लागलो. ते उतरले तेव्हा विचारलं, "भरली का टाकी?" सोमवारी दुकानाच्या वाटेवर पुन्हा तसंच. मंगळवारी मी सातवीच्या फळ्यावर हृदयाची आकृती काढली, धमन्यांना नावं दिली, आणि हात जरासुद्धा हलला नाही.

दादांनी मान माझ्याकडं वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुला दिसलं व्हतं?"

"व्हय, दादा."

"मंग बोलला का न्हाई?"

तेवढ्यात कॉट आत ओढली. दार लागलं. आई माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. तिलाही माहीत होतं, हे मला तिथं कळलं.

दादा वाचले. पाचव्या दिवशी घरी आले, जीपनं. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. रविवारीच आणलं असतं तर बहुतेक तोही वाचला असता, असं बाईंनी मला एकट्याला बोलावून सांगितलं. घरात विचारलं तेव्हा मी म्हणालो, "वेळेवर आणलं म्हणाल्या." अजून मी तेच सांगतो.