हिमालय मास्तरांची बेगमी

वैशाखात आमच्या लालबागच्या चाळीतले नळ सकाळीच घरघरून गप्प व्हायचे. बायका हंडे-कळशांची रांग लावून एकमेकींचा उद्धार करत असायच्या आणि नेमके तेव्हाच शेजारचे मास्तर तोंडात दंतमंजन घेऊन गॅलरीत उगवायचे. कठड्याला रेलून शांतपणे म्हणायचे, "गंगेला आता पाणी चढायला लागलं असेल." आई हंडा आपटून ओरडायची, "मास्तरानू, मगे थयसून दोन हंडे घेवन येवा!" मास्तर हसायचे आणि पुन्हा दात घासायला लागायचे. त्यांच्या जिवावर उठावं असं वाटायचं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

ते परळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. आडनाव त्यांचं चांगलं होतं, पण चाळीत ते कुणी वापरलं नाही. पोरांनी 'हिमालय मास्तर' करून टाकलं. गंमत म्हणजे या माणसाने हिमालय पाहिलाच नव्हता. मालवणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेवढाच काय तो त्यांचा प्रवास. लग्न केलं नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर गंगेचा हाताने काढलेला नकाशा. मी त्या वेळी हायस्कुलात होते आणि भूगोलात मला उजेड पाडायचा असल्यामुळे त्यांच्याकडे शिकायला जायचे.

शिकवायचे मात्र असे, की स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटावं. "तुझी आई चैत्रात काय करते?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. म्हटलं, पापड लाटते, सुकी मासळी डब्यात भरते. "का?" पावसाळ्याची बेगमी म्हणून. "झालं तर! हिमनदी म्हणजे नदीची बेगमी. आपल्या कोकणातल्या नद्या चार महिने मिरवतात आणि मे महिन्यात त्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. गंगेलाही पावसाचं पाणी मिळतं, पण तिच्या वरच्या फडताळात बर्फ भरून ठेवलाय. ऊन तापलं की तो थोडा थोडा खाली येतो. खाली कालवे, कालव्यांवर शेतं, शेतांवर गावं. सगळ्यांनी तहानेने जीभ बाहेर काढलेली असते तेव्हा जी येते, ती नदी." मग डोळे बारीक करून म्हणायचे, "आणि तिथलं पाणी निळं नसतं हो! दगड भरडत येतं, राखाडी असतं. कॅलेंडरवाल्यांना काय कळतंय."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मास्तर रजा टाकून सत्याग्रहात गेले आणि पोलिसांच्या गाडीत बसून तुरुंगात पोचले. बरोबर आमच्या चाळीतला बाळा होता, गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आणि गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. सुटून आला तो कपाळ बडवतच. "घोषणा देऊन घसा बसला की ह्यांचा तास सुरू! अलकनंदा, भागीरथी, देवप्रयाग... अरे, आम्ही मुंबई मागायला गेलेलो ना?" पण बाळाला सगळ्या उपनद्या क्रमाने पाठ झाल्या होत्या, त्या आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्याच्याकडून म्हणवून घ्यायचो.

द्विभाषिक राज्य माथी मारलं गेलं, त्या वर्षीच्या गणपतीची ही गोष्ट. चौकातल्या मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा करायचा, असं मंडळाने जवळजवळ ठरवलं होतं. मास्तर उभे राहिले. "नकाशा सगळीच मंडळं करणार. आपण नदी करू. खऱ्या बर्फाची."

"मास्तर, आपली माणसं गोळ्या खाऊन पडली आणि तुम्ही गंगा काय दाखवताय?" बाळा भडकला.

"बाळा, त्या माणसांसाठी मीही आत बसून आलोय," मास्तर म्हणाले. "पण मी म्हातारा होत चाललोय रे. ती नदी बघायला मी काही आता जात नाही. एकदा तिला वितळताना बघू दे."

बाळाने फक्त एक अट घातली: नदी शेवटी मुंबईला येऊन मिळाली पाहिजे. मास्तर ताडकन म्हणाले, "मुंबईसाठी पुन्हा तुरुंगात जाईन, पण गंगा बंगालच्या उपसागरालाच मिळेल!" अखेर नकाशाचा फळा मागे टांगायचा आणि नदी पुढे ठेवायची, यावर मिटलं.

काय देखावा झाला होता तो! बर्फाच्या लाद्यांचा डोंगर, त्यावर गिरणीतला कापूस पिंजून शिखरं, लादी टिकावी म्हणून खालून रे रोडच्या वखारीतला लाकडाचा भुसा. पत्र्याच्या पन्हळीतून पाणी झिरपत खाली यायचं आणि दोन्ही काठांवर आम्ही परातीत रुजवलेले गहू हिरवेगार डुलायचे. मास्तर छडी घेऊन बाजूला उभे. येणारा माणूस गणपतीला हात जोडायचा आणि मास्तरांच्या तावडीत सापडायचा. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या घरात आई मुदतीच्या तापाने पडली होती. आणि उत्सवातच एक दिवस बंद पुकारला गेला. मास्तरांनी आदल्या दिवशीच जास्तीच्या लाद्या आणून भुशात पुरून ठेवल्या, कारण बंदच्या दिवशी गिरण्यांना सुट्टी, म्हणजे सगळं गिरणगाव देखावे बघायला पायी निघणार. त्यांनी आपल्या शाळेतली मुलंही त्याच दिवशी बोलावली होती.

दुपारी आईचा ताप भडकला. ती बरळायला लागली, मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, "बर्फ आणा. डोक्यावर सारखा बर्फ हवा. ताप उतरला नाही तर माझ्या हातात काही नाही." बाबा बादली घेऊन धावले. दुकानं बंद, बर्फाच्या कारखान्याला कुलूप. भायखळ्यापर्यंत जाऊन रिकामे परतले आणि मांडवापाशी थबकले. सगळ्या लालबागात बर्फ होता तो एवढाच, आणि तो देवापुढे मांडलेला. मागायचा कसा? गॅलरीतून मला ते दिसत होते. बादली पायाशी ठेवून नुसते उभे.

"बादली कशाला हो?" मास्तरांनी विचारलं. बाबांनी सांगितलं. सांगताना ते रडले. गिरणीत हात सापडला तेव्हा न रडलेला माणूस.

मास्तरांनी छडी टाकली, कापसाची शिखरं दोन्ही हातांनी ओढून काढली आणि हातोडा उचलला. बाळा धावत आला. "मास्तर, अहो लोक यायला लागलेत! थोडा ठेवा तरी!"

"बेगमी कशासाठी असते रे?" मास्तर ओरडले आणि त्यांनी पहिला घाव घातला. मग बाळानेच मोठ्या लाद्या, भुशात पुरलेल्यासुद्धा, गोणपाटात गुंडाळल्या आणि जिन्याने वर आणल्या. डोंगराचा चुरासुद्धा त्यांनी खाली ठेवला नाही.

आम्ही आईच्या कपाळावर बर्फ फिरवत राहिलो, घड्या बदलत राहिलो. खाली चौकात माणसांचा लोट होता आणि मास्तरांचा आवाज वर ऐकू येत होता. कोरड्या पन्हळीपाशी उभे राहून ते शाळेतल्या मुलांना सांगत होते, "नीट बघा. वर बर्फ संपला की खाली हे असं होतं. हे गहू उद्या माना टाकतील. आता सांगा, नदी कुठून सुरू होते?" कुणी हसलं, कुणी म्हणालं, हा कसला देखावा? मास्तरांनी कुणालाही खरं कारण सांगितलं नाही. दिवेलागणीला आईने डोळे उघडले आणि मला नावाने हाक मारली. मी गॅलरीत जाऊन नुसता हात हलवला. मास्तर मांडवातच खाली बसले.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. मास्तर नाचणाऱ्यांत होते. पुढे चैत्र आला की पापडांचा पहिला डबा आई त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायची, अगदी ते होते तोवर. गंगा पाहायची राहिलीच त्यांची. एका पावसाळ्यात दम्याने गेले. भिंतीवरचा नकाशा बाळाने उतरवून जपून ठेवला.

मला नोकरी लागल्यावर मी आईला गंगोत्रीला नेलं. वैशाखच होता. वरून ऊन तापत होतं आणि खाली नदी काठ भरून गर्जत चालली होती. निळी नव्हे, राखाडी, मास्तर सांगायचे तशीच. आई पायरीवर बसली, तिने ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावलं आणि हात तिथेच राहिला.

"गो, ह्यां पाणी माझ्या वळखीचां आसा," ती म्हणाली.

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चाळीत आता नळाक पाणी नसतलां. आणि गंगेक पाणी चढलां म्हणान सांगूक मास्तर पण नाय."